कितीपैकी किती?
(गणितातल्या गमती आणि छद्मविज्ञानाची चिकित्सा या विषयांवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना)

या संग्रहाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आकड्यांच्या गमती, कोडी, फसव्या सिद्धता आणि गणितज्ञांनी केलेल्या थट्टा आहेत. दुसऱ्या भागात फलज्योतिष, अंकज्योतिष, हमखास उपाय आणि विज्ञानाचा वेष चढवून आलेले दावे यांची तपासणी आहे. पहिला भाग मुलांनी सुटीत वाचायचा आणि दुसरा मोठ्यांनी व्याख्यानमालेसाठी राखून ठेवायचा, अशी वाटणी आपल्याकडे रूढ आहे. मला ती मान्य नाही. ज्याने आकड्यांची मजा मनसोक्त लुटली आहे, त्याला आकड्यांचा धाक दाखवून फसवणे फार अवघड जाते. तपासून पाहण्याची सवय उपदेशापेक्षा कोड्यांनी लवकर लागते आणि एकदा लागली की सुटत नाही. हे दोन भाग एकत्र आणण्याचे कारण एवढेच आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला दाखला वाराणसीतल्या एका मराठी घरात सापडतो.

कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून रँग्लर होऊन परतले आणि पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. सापेक्षतावादावर भारतात बसून संशोधन करणाऱ्या पहिल्या पिढीतले ते. प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडेच बनारसला आले आणि प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे त्यांचे १९४३ सालचे गाजलेले काम त्याच काळातले. नारळीकरांच्या पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. त्यांचे माहेर हुजूरबाजारांचे, आणि संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार हे त्यांचे बंधू. नारळीकरांचे जयंत आणि अनंत हे दोघे मुलगे या घरात, विश्वविद्यालयाच्या आवारात वाढले.

घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले होते. सुमतीबाईंचे दुसरे बंधू मोरेश्वर, म्हणजे मुलांचे मोरूमामा, गणितात एम.एस्सी. करण्यासाठी बनारसला येऊन राहिले. भाच्याला, म्हणजे जयंतला, गणिताची गोडी आहे हे त्यांनी हेरले आणि एके दिवशी फळ्यावर एक प्रश्न लिहून ठेवला. वर मथळा होता: जे.व्ही.एन.साठी आव्हान. भाच्याने तो सोडवेपर्यंत किंवा हार मान्य करेपर्यंत प्रश्न पुसायचा नाही, असा रिवाज पडला. शाळेच्या पाठ्यपुस्तकात नसलेली ही कोडी होती, आणि ती सोडवण्याच्या ओढीनेच आपण गणिताकडे वळलो, असे जयंतरावांनी पुढे अनेकदा सांगितले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या चार नगरांमधले पहिले नगर बनारस आहे.

त्या फळ्यावर काय घडत होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. प्रश्न सगळ्यांसमोर उघडा होता. त्याला गुण नव्हते, त्यामुळे घोकून सुटण्याची सोय नव्हती. आणि उत्तर बरोबर की चूक, हे मामाच्या वडीलपणावर ठरत नव्हते. मामाने चुकीचे उत्तर बरोबर म्हटले असते तर भाचा ते खोडून दाखवू शकला असता. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, हे ज्या काळात घराघरांत गृहीत असायचे त्या काळात एका मुलाला घरातच अशी एक जागा मिळाली, जिथे वयाचा मान आणि उत्तराचा खरेपणा या वेगवेगळ्या गोष्टी होत्या. दोन्ही राखता येतात, एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही, हे त्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

हा खेळकरपणा त्यांनी आयुष्यभर सांभाळला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. जयंतराव तोवर जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते. नाव पाहून परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घडवलेले हे नाव! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. यात कोडे घालणाऱ्याची मजा आहेच, पण एक शिस्तही आहे. कृती कोणाची हे लपवले की तिचे मोल निखळपणे ठरते. वैज्ञानिक चाचण्यांमध्ये हेच तत्त्व वापरतात. चौतीस वर्षांनी याच माणसाने ते ज्योतिष्यांच्या बाबतीत वापरले. त्याकडे मी वळणारच आहे, पण त्याआधी गमतीत शहाणपण कसे दडलेले असते ते एका उदाहरणाने दाखवतो.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावले तर ५४३२, चढत्या क्रमाने लावले तर २३४५. वजाबाकी केली की येतात ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हीच क्रिया करा. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. संख्या जागची हलत नाही. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. देवळालीतल्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ही गोष्ट शोधली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. ही संख्या आज जगभर कापरेकरांच्याच नावाने ओळखली जाते.

एखाद्या भोंदू माणसाच्या हाती ही संख्या लागली असती तर ६१७४ चा ताईत निघाला असता, गाड्यांच्या नंबरासाठी तिचा भाव चढला असता. कापरेकरांनी लोकांच्या हाती पेन्सिल दिली. हाच तो फरक. ज्याच्या हाती पेन्सिल आहे त्याला कारणही शोधता येते. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले तर पहिली वजाबाकी ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क) एवढी येते. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून असते. अ आणि ड यांच्यातला फरक १ ते ९ यांपैकी असणार, आणि ब आणि क यांच्यातला फरक त्याहून मोठा असू शकत नाही. सगळ्या जोड्या मोजल्या तर त्या ५४ भरतात. हजारो संख्यांची गर्दी पहिल्याच पावलाला ५४ संख्यांवर येते. त्या ५४ कुठे जातात हे कोणीही एका दुपारी कागदावर करून पाहू शकतो. गूढ उकलले म्हणून मजा कमी झाली, असे मला कधी वाटले नाही. कारण कळल्यावर ती दुणावतेच.

कापरेकरांना आपल्याकडे बराच काळ कोणी फारसे विचारले नाही. ते जगापुढे आले मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकामुळे. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात गार्डनर १९५७ पासून सुमारे पाव शतक गणिती खेळांचे सदर चालवत होते. मार्च १९७५ च्या सदरात त्यांनी कापरेकरांविषयी लिहिले. पुढच्याच महिन्यात, एप्रिलच्या अंकात, त्यांनी वाचकांना ‘एप्रिल फूल’ केले. सहा सनसनाटी शोध म्हणून त्यांनी जे जाहीर केले ते सगळे बनावट होते. त्यांपैकी एक असा: ई, पाय आणि १६३ चे वर्गमूळ यांपासून बनणारी एक विशिष्ट संख्या पूर्णांक आहे, असे सिद्ध झाले आहे. प्रत्यक्षात तिच्या दशांशचिन्हानंतर लागोपाठ बारा वेळा ९ येतात आणि मग २५ येतात. त्या काळच्या साध्या गणकयंत्रावर तपासणाऱ्याला ती पूर्णांकच वाटणार. हजारो वाचकांनी पत्रे लिहिली. कित्येकांनी शोध खरे धरले, कित्येकांनी चुका पकडून दाखवल्या.

हेच गार्डनर १९५० च्या दशकापासून छद्मविज्ञानावर लिहीत होते. सपाट पृथ्वीवाले, चमत्कारी उपचारवाले, पिरॅमिडच्या मोजमापात भविष्य शोधणारे, या सगळ्यांचा हिशेब त्यांनी मांडला. गणिती सदरात त्यांनी डॉ. मॅट्रिक्स नावाचे एक काल्पनिक अंकज्योतिषी पात्र उभे केले. कोणत्याही दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध जोडून दाखवायला किती थोडे कसब लागते, हे त्यांनी त्याच्या तोंडून सांगितले. एकच माणूस आकड्यांशी खेळतो आणि आकड्यांच्या नावावर चाललेली लबाडीही पकडतो, यात नवल नाही. पत्त्यांची हातचलाखी कशी होते हे ज्याला माहीत आहे, त्याचीच नजर चलाख हातावर जाते.

आता त्या चाचणीविषयी.

फेब्रुवारी २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमधून ज्योतिर्विज्ञानाचे विभाग काढण्यासाठी परिपत्रक काढले. देशभरच्या शास्त्रज्ञांनी विरोध केला. जयंत नारळीकर त्यांत आघाडीवर होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये विरोधकांची याचिका फेटाळली गेली. विरोधाच्या निवेदनांवर सह्या करून थांबता आले असते. नारळीकर थांबले नाहीत. फलज्योतिषाचा एक दावा घ्यायचा आणि तो मोजून पाहायचा, असे त्यांनी ठरवले. सोबत पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा आतून अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे होते.

माणसाची बुद्धिमत्ता पत्रिकेवरून कळते, असे ज्योतिषी सांगतात. म्हणून शाळांच्या मदतीने २०० मुलांचे जन्मतपशील गोळा केले. त्यांपैकी १०० मुले अभ्यासात हुशार म्हणून नाव मिळवलेली, तर १०० मुले बौद्धिक अक्षमता असलेली. संगणकावर सगळ्यांच्या पत्रिका तयार केल्या. मे २००८ मध्ये पुण्यातून जाहीर आवाहन केले: भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला २०० पैकी यदृच्छेने निवडलेल्या ४० पत्रिका मिळतील, प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची, एवढेच सांगायचे. पत्रिकांवर नावे नव्हती. ज्योतिष्यांच्या एका संघटनेच्या पुढाऱ्याने बहिष्काराचे आवाहन केले, तरी ५१ जणांनी उत्सुकता दाखवली आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली.

इथे गणित कामाला येते. पत्रिका न पाहता नुसता छापा-काटा केला तरी ४० पैकी सरासरी २० उत्तरे बरोबर येतील. कधी १७, कधी २३. मग ज्ञान कुठून सुरू झाले म्हणायचे? ४० वेळा नाणे उडवल्यावर २८ किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. म्हणून २८ ही रेषा. एवढे जमले तर नुसते नशीब म्हणून सोडून देता येणार नाही.

एकानेही २८ गाठले नाहीत. सर्वांत जास्त गुण २४, एकाचे. त्याखालोखाल दोघांचे २२. सगळ्यांची सरासरी १७.२५, म्हणजे नाण्याच्या अपेक्षेहूनही थोडी कमी. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका घेतल्या आणि त्यांची १०२ उत्तरे बरोबर आली. हा अहवाल मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या २४ गुणांकडे पुन्हा पाहा. ४० पैकी २४ म्हणजे साठ टक्के. उद्या त्या गृहस्थांनी वैज्ञानिक चाचणीत साठ टक्के भाकिते अचूक, अशी जाहिरात केली असती, तर त्यातला एकही शब्द खोटा ठरला नसता. पण ही चाचणी २७ जणांनी दिली होती. २७ माणसांना प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवायला लावले, तरी त्यांतल्या दोन-चार जणांना २४ किंवा अधिक वेळा छापा पडायलाच हवा. एक यश ऐकले की त्यामागे उभ्या असलेल्या सगळ्या प्रयत्नांची संख्या विचारायची. कितीपैकी किती? या संग्रहातला प्रत्येक लेख शेवटी या प्रश्नाशी येतो. या चाचणीने फलज्योतिषाचा एक दावा तपासला, सगळे दावे नव्हेत, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र उरलेले दावे तपासायची रीत तिने घालून दिली आहे, आणि ती कोणालाही वापरता येते.

हा प्रश्न न विचारल्यामुळे किती धंदे चालतात! मुलगाच होईल असे औषध देणारा बाबा घ्या. शंभर जोडप्यांकडून प्रत्येकी पाचशे रुपये घेतो आणि मुलगी झाली तर पैसे परत, अशी हमी देतो. सुमारे पन्नास घरी मुलगा होतो. उरलेल्यांचे पैसे तो खरोखरच परत करतो, म्हणजे प्रामाणिक म्हणूनही नाव होते. पंचवीस हजार रुपये खिशात राहतात आणि पन्नास कुटुंबे त्याची महती गावभर सांगतात. शेअर बाजाराचे अंदाज पाठवणाऱ्याचे तेच. १०२४ लोकांपैकी निम्म्यांना बाजार चढेल म्हणून कळवायचे, निम्म्यांना उतरेल म्हणून. ज्यांच्या बाबतीत खरे ठरले त्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. दहा आठवड्यांनी एक माणूस असा उरतो की ज्याला लागोपाठ दहा अंदाज खरे मिळाले. तो आपली पुंजी डोळे मिटून हवाली करतो. उरलेले १०२३ जण त्याला कधी भेटत नाहीत. आज मोबाइलवर रोज येणाऱ्या खात्रीच्या टिप्स पाहिल्या की हे जुने कोडे किती घरांच्या दाराशी आले आहे, ते कळते.

आता पुन्हा काशीकडे येतो, कारण एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिकित्सा ही बाहेरून आलेली गोष्ट आहे आणि काशी म्हणजे केवळ श्रद्धेचे गाव, असे दोन्ही बाजूंचे लोक धरून चालतात. इतिहास तसा नाही. सतराव्या शतकात गोदाकाठच्या गोलग्रामाहून आलेल्या घराण्यातले कमलाकर आणि विदर्भातल्या दधिग्रामच्या घराण्यातले मुनीश्वर हे दोघे काशीत ग्रहगणित लिहीत होते. मुनीश्वरांचा ‘सिद्धांतसार्वभौम’ १६४६ चा, कमलाकरांचा ‘सिद्धांततत्त्वविवेक’ १६५८ चा. दोन्ही घराण्यांत ग्रहगतीच्या रीतींवरून वर्षानुवर्षे वाद चालला, खंडनाचे ग्रंथ लिहिले गेले. पुढे पुण्यात जन्मलेले बापूदेवशास्त्री १८४२ मध्ये बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात आले. त्यांनी सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर केले आणि पंचांगासाठी पाश्चात्त्य वेधांवर आधारलेल्या नॉटिकल अल्मनॅकचा आधार घ्यायला ते कचरले नाहीत. आकाशाशी जे गणित जुळते ते घ्यायचे, असा त्यांचा बाणा होता.

खेळकरपणाही याच परंपरेतला. ही सगळी मंडळी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर वाढलेली. ११५० सालच्या या ग्रंथात नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघाला आहे. मोराने तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखेच अंतर कापले, तर तो सापाला कुठे गाठेल? उत्तर बिळापासून बारा हातांवर. काटकोन त्रिकोणाच्या नऊ आणि बारा हातांच्या बाजूंवर कर्ण पंधरा हातांचा येतो, आणि सत्तावीसमधून बारा गेले की पंधराच उरतात. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे कोडे आजही कोणत्याही मुलाला फळ्यावर घालता येईल.

२२ जुलै २००९ च्या सकाळी वाराणसीवरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. घाटांवर लाखो लोक स्नानासाठी उभे होते. साडेसहा वाजायच्या आत सूर्य झाकला गेला आणि सुमारे तीन मिनिटे अंधार राहिला. वर्षानुवर्षे आधी काढलेली वेळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जुळली. पाण्यात उभा असलेला भाविक आणि काळा चष्मा लावलेला विद्यार्थी, दोघेही एकाच गणितावर विसंबून होते. गणितज्योतिष असे दर ग्रहणाला परीक्षा देते. फलज्योतिषाने त्याच पंचांगाच्या पानांवर शेजारी जागा मिळवली, म्हणून त्याची परीक्षा झाली असे होत नाही.

याच गावातून निघालेल्या एका पुस्तकाचीही गोष्ट सांगायला हवी. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य स्वामी भारतीकृष्ण तीर्थ १९६० मध्ये निवर्तले. त्यांचे ‘वैदिक गणित’ हे पुस्तक १९६५ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाने प्रसिद्ध केले. सोळा सूत्रांतून झटपट आकडेमोड करण्याच्या रीती त्यात आहेत आणि त्यांपैकी अनेक खरोखर सुंदर आहेत. ९७ गुणिले ९४ करायचे आहे. शंभराला ९७ कमी पडतात ३ ने, ९४ कमी पडतात ६ ने. ९७ मधून ६ वजा केले की ९१. ३ गुणिले ६ म्हणजे १८. उत्तर ९११८. कारण बीजगणितातले आहे: शंभरातून अ कमी आणि शंभरातून ब कमी अशा संख्यांचा गुणाकार म्हणजे शंभर गुणिले (१०० − अ − ब) अधिक अ गुणिले ब. मुलांना ही रीत जरूर शिकवावी, आणि तिच्यासोबत हे कारणही शिकवावे.

अडचण नावापाशी आहे. ही सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टात आहेत, असे सांगितले गेले. १९५० मध्ये स्वामीजी लखनौला आले असताना भारतीय गणिताचे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल यांनी परिशिष्टाची छापील प्रत त्यांच्यासमोर ठेवली आणि सूत्रे त्यात नसल्याचे दाखवले. ती सूत्रे आपल्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या कोणालाही पाहता येत नाही अशा ग्रंथाचा हवाला दिला की तपासणी तिथेच संपते. विशेष म्हणजे विश्वविद्यालयाच्या आवृत्तीचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच नमूद केले आहे की ही सूत्रे आजवर ज्ञात असलेल्या परिशिष्टांत आढळत नाहीत आणि त्यांची भाषा पाहता ती स्वामीजींनाच सुचलेली दिसतात. सत्य पहिल्या आवृत्तीपासून छापलेले होते. पुढे लाखो लोकांनी पुस्तकाच्या नावाचा उच्चार केला, संपादकाची ती नोंद फार थोड्यांनी वाचली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी १९९३ मध्ये ‘फ्रंटलाइन’मध्ये या विषयाची सविस्तर छाननी केली, तेव्हा हा वाद नव्याने लोकांसमोर आला.

या दाव्याने सर्वांत मोठे नुकसान केले ते आपल्याच प्राचीन गणिताचे. वैदिक यज्ञवेदींच्या रचनेसाठी लिहिलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रांत दोनच्या वर्गमूळाची किंमत दशांशचिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत बिनचूक येईल अशी रीत आहे. १ अधिक एक तृतीयांश, अधिक एक द्वादशांश, वजा ४०८ पैकी एक भाग. बेरीज करून पाहा: १.४१४२१५६ येते, खरी किंमत १.४१४२१३५. हे शुल्बसूत्र जॉर्ज थिबो यांनी बनारसच्याच ‘पंडित’ या नियतकालिकातून १८७५ पासून भाषांतरासह प्रसिद्ध केले. ते ग्रंथ आहेत, त्यांच्या पोथ्या आहेत, कोणालाही उघडून पाहता येतात. खरा वारसा कपाटात धूळ खात पडावा आणि ज्याचा पत्ता लागत नाही त्याचे वर्ग भरावेत, याची खंत प्रत्येक मराठी वाचकाला वाटली पाहिजे. ज्याचे पूर्वज भास्कराचार्य आहेत, त्याला उसन्या मोठेपणाची गरज नाही.

शेवटी या संग्रहाच्या सुराविषयी. लोकांना आधार मिळत असेल तर तुमचे काय बिघडते, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याला चिडून उत्तर देऊ नये. आजारी मुलाची आई ताईत बांधते तेव्हा तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण तोच ताईत विकणारा तिला डॉक्टरकडे जाऊ नको म्हणतो, लग्न पत्रिकेपायी मोडते, निवृत्तीचे पैसे खात्रीच्या टिपेवर जातात, तेव्हा गप्प बसणे हाही दुजाभाव ठरतो. डॉ. दाभोलकर प्रश्न विचारताना समोरच्या माणसाचा मान राखत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे आपल्या संविधानाने कलम ५१-क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. या दोघांनी ते कर्तव्य निभावले, आणि त्यांचे काम पुढे नेण्यासाठी कोणाला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक पेन्सिल हाती घेऊन वाचा. पहिल्या भागातली कोडी घरातल्या मुलांसमोर घाला आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका. त्यांनी तुमची चूक काढली तर ती मोकळेपणाने मान्य करा. दुसऱ्या भागातले एकही विधान आम्ही सांगतो म्हणून खरे धरू नका. आकडे पुन्हा करून पाहा. नाणे घ्या, ४० वेळा उडवा, कुटुंबातल्या प्रत्येकाला उडवायला लावा आणि सर्वांत जास्त कोणाचे छापे पडले ते लिहून ठेवा. त्यानंतर कोणीही आपल्या यशाची एक गोष्ट घेऊन दारात आला, तर त्याला आदराने बसवा, पाणी द्या आणि विचारा: कितीपैकी किती?